छापील पुस्तकं घ्यावी की पीडीएफ? गावात राहून एमए करताना मी काय केलं

२०२४च्या जूनमध्ये मी समाजशास्त्राच्या एमएचा शेवटचा पेपर दिला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो तिथून. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत, लग्नात, बसमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, पुस्तकं घरी येतात का? की सगळं मोबाइलवरच वाचा लागते?" फॉर्म भरताना मलाही सगळ्यात जास्त याच प्रश्नाने अडवलं होतं. विषय निवडणं सोपं गेलं, पण पुस्तकं कशात घ्यायची यावर फॉर्म थांबून राहिला. म्हणून माझ्याकडे काय काय झालं ते सुरुवातीपासून सांगते.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. बाजारहाट, झेरॉक्स, बँक यासाठी हिंगणघाट गाठावं लागतं आणि नागपूरला जायचं तर जामच्या चौकातून बस धरायची. घरी पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि विहिरीवर थोडं ओलित. मी 'उमेद' अभियानात समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या बैठका, नोंदवह्या, बँकेची कर्ज प्रकरणं. बीए नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून केलं होतं. तेव्हा छापील पुस्तकं हातात होती आणि ती मी चुलीपुढे, शेतात, कुठेही घेऊन बसायची. पीडीएफवर अख्खा विषय वाचून परीक्षा द्यायची, हे मला माहीतच नव्हतं.

ऑगस्ट २०२२मध्ये फॉर्म भरायला घेतला. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे त्यांनी एवढं आधी करून ठेवावं: फोटो आणि सही प्रत्येकी १०० केबीच्या आत, गुणपत्रिका आणि बाकीची कागदपत्रं प्रत्येकी २०० केबीच्या आत. मोबाइलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो तसाच चढत नाही. सेतू केंद्रात लहान करून देतात, पण मोबाइलवरही होतं. माध्यम मी हिंदी घेतलं.

माहिती भरत पुढे गेले आणि अभ्याससाहित्य छापील हवं की डिजिटल, असा पर्याय समोर आला. डिजिटल घेतलं तर अभ्यासक्रमाच्या फीत १५ टक्के सूट. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीवर ती हजाराच्या जरा आत बसत होती. आमच्या घरात ऑगस्टमध्ये हजार रुपये म्हणजे फवारणीचं औषध. सोयाबीन हातात यायला अजून दोन महिने आणि कापूस त्याच्याही पुढे. त्यामुळे सूट दिसली की बोट तिकडेच जातं. पण फी याच निवडीवर ठरते, तेव्हा भरण्याआधी नीट हिशेब करायचा म्हणून मी फॉर्म तसाच जतन करून ठेवला.

हिशेब कसा केला ते सांगते. इग्नूची पुस्तकं 'ई-ज्ञानकोश' नावाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहेत. प्रवेश घेतलेला असो की नसो, कोणीही उघडून वाचू शकतं. आधी विद्यापीठाची विद्याशाखा, मग अभ्यासक्रम, मग विषयाचा कोड, मग खंड, मग एकेक युनिट म्हणजे धडा, अशी ती उतरंड आहे. पहिल्या वर्षाला मला चार विषय होते: समाजशास्त्रीय सिद्धांत, संशोधन पद्धती, विकासाचं समाजशास्त्र आणि भारतातलं समाजशास्त्र. एकेक युनिट उघडून शेवटचा पान क्रमांक वहीत लिहीत गेले. चारही विषय मिळून पानं दीड हजाराच्या घरात गेली.

मग हिंगणघाटला झेरॉक्सवाल्या दादाला भाव विचारला. पाठपोट प्रिंट, एका कागदाला दोन रुपये. स्पायरल बांधणी चाळीस रुपये. म्हणजे सगळंच छापायचं तर साडेसातशे कागदांचे दीड हजार आणि वर सात-आठ स्पायरलचे तीनशेच्या आसपास. सूट मिळणार हजाराच्या आत आणि खर्च अठराशे. तेव्हा 'डिजिटल घेऊ आणि मग सगळं प्रिंट मारू' असं कोणाच्या मनात असेल तर त्यांनी सरळ छापील पुस्तकंच घ्यावीत. ती बांधून येतात, कागद बरा असतो आणि पैसेही कमी लागतात. डिजिटलचा फायदा तेव्हाच, जेव्हा बरंचसं वाचन खरोखर पडद्यावर होणार असेल.

ते आपल्याकडून होईल का, हे बघायला मी एक युनिट उतरवून घेतलं आणि फी भरण्याआधी पूर्ण वाचून काढलं. वीसेक पानांचं होतं. रात्री जेवणं झाल्यावर बसले. पान मोठ्या कागदाच्या मापाचं, माझा मोबाइल साधा. उभा धरला तर अक्षर मुंगीएवढं, मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर. मोबाइल आडवा धरला तेव्हा ओळ पुरी दिसली आणि अक्षरही वाचता आलं. दोन बैठकांत युनिट संपलं. समजलंही. पण दुसऱ्या दिवशी वहीत मुद्दे लिहायला घेतले तर मुद्दा कोणत्या पानावर होता ते आठवेना. पुस्तकात आपल्याला डाव्या पानावर खाली, उजव्या पानावर वर असं आठवतं. पडद्यावर सगळी पानं एकाच जागी येतात.

माझ्यासोबत गटाचं काम करणारी आर्वीकडची एक मैत्रीण त्याच वर्षी हाच अभ्यासक्रम घेत होती. तिने छापील घ्यायचं पक्कं केलं होतं. तिला अर्धशिशीचा त्रास आहे, उजेडाकडे टक लावून बघितलं की डोकं धरतं. शिवाय तिच्या घरात नेटवर्क येत नाही, फोन घेऊन बाहेर ओट्यावर यावं लागतं. तिच्यासाठी सूट किती आहे हा प्रश्नच नव्हता. मला चष्मा नाही, घरात नेटवर्क बरं आहे, दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज कामासाठी तसाही मारावाच लागतो. मी डिजिटल निवडलं आणि उरलेल्या हजारातून लागेल तेवढंच छापायचं ठरवलं. फी ऑनलाइन भरली, पावती आली. प्रवेश पक्का झाल्याचा संदेश आणि नोंदणी क्रमांक सप्टेंबरमध्ये मिळाला.

फायली उतरवून घेण्याचं काम मी एका रविवारी बसून केलं. तुम्हीही असंच करा, रोज थोडं थोडं उतरवू नका. कारण प्रत्येक विषयात फायलीचं नाव युनिट-१, युनिट-२ असंच येतं. चार विषयांची युनिट-१ एकत्र आली की मोबाइल स्वतःच पुढे कंसात आकडे लावतो आणि मग कोणती कशाची हे कळत नाही. मी विषयाच्या कोडचा एकेक फोल्डर केला, उतरवली की लगेच फाइलचं नाव बदललं: आधी कोड, मग खंड, मग युनिट. सगळं मेमरी कार्डवर ठेवलं आणि एक प्रत गुगल ड्राइव्हवर. पुढे जानेवारीत माझा मोबाइल विहिरीवर पाण्यात पडला तेव्हा नवीन मोबाइलवर संध्याकाळपर्यंत सगळा अभ्यास जागेवर होता. मैत्रीण म्हणाली, "माझ्या पुस्तकांवर पाणी सांडलं असतं तर?" खरंच, त्या बाबतीत पीडीएफचा आधार मोठा.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. पीडीएफ म्हटलं की हवा तो शब्द शोधता येतो असं आपण धरून चालतो. इंग्रजी फाइलमध्ये बहुतेकदा येतो. हिंदी-मराठीत मात्र ती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये बसवली आहे त्यावर आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवलेली फाइल डोळ्यांना चांगली दिसते, पण तिच्यात देवनागरी शब्द टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. ओळखायची सोपी युक्ती आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. देवनागरीच उमटली तर शोध चालेल. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटली तर चालणार नाही. पान स्कॅन केलेलं असेल तर ओळ निवडताच येणार नाही. ज्या युनिटमध्ये शोध चालत नाही तिथे मी पहिल्या वाचनातच वहीत पान क्रमांकासकट अनुक्रमणिका करून घ्यायची. वेळ जातो, पण मार्चमध्ये स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या असाइनमेंट, लिहिताना तोच वेळ परत मिळतो.

ऑक्टोबरपासून सवंगणी आणि मग कापूस वेचणी. दिवसा वाचन कसलं होतं! शेतात दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास मिळायचा, पण उन्हात पडदा दिसत नाही. उजेड पूर्ण वाढवला तर बॅटरी उतरते. झाडाच्या सावलीत ओढणी डोक्यावरून घेऊन वाचायचे. माझं खरं वाचन रात्री व्हायचं. हिवाळ्यात गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मोटारीची लाइन बऱ्याचदा रात्रीची असायची, त्यामुळे यांना रात्री शेतात जावं लागायचं. मी जागीच असायची. मोबाइल भिंतीला टेकवून, शेजारी वही घेऊन बसायची. सासूबाई खाटेवरून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "रातभर त्या मोबाइलात डोये घालून बसते, काहून व? कागदावर वाच ना. कागद काही डोये खात नाही." डिसेंबरात खरंच डोळे कोरडे पडायला लागले, सकाळी चुरचुरायचे. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी थेंब दिले आणि सांगितलं की दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघत जा, आणि अंधारात वाचू नका, खोलीत दिवा लावूनच वाचा. सासूबाईंचं आणि डॉक्टरांचं दोघांचंही ऐकलं, आणि छपाईला जायचं ठरवलं.

आता काय छापायचं? इथे मी बराच विचार केला आणि मला वाटतं इथेच सगळ्यात जास्त उपयोग झाला. इग्नूच्या संकेतस्थळावर मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळतात. त्या उतरवून घेतल्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या युनिटमधला ते लिहिलं. त्या वर्षीच्या स्वाध्यायाचे प्रश्नही तसेच लावून पाहिले. काही युनिटांवर परत परत खुणा पडल्या, काहींवर एखादीच. ज्यांच्यावर गर्दी झाली ती छापायची.

संशोधन पद्धती हा विषय मात्र मी जवळजवळ पूर्ण छापला. नमुना निवड, सरासरी, मध्यका, सहसंबंध यात कोष्टक एका पानावर आणि त्याचं स्पष्टीकरण तिसऱ्या पानावर असतं. बोट एका पानात घालून दुसरं पान बघावं लागतं, पेन्सिलने आकडेमोड करावी लागते. पडद्यावर पुढे-मागे सरकवताना मधला आकडाच विसरायला होतो. याउलट भारतातलं समाजशास्त्र मी मोबाइलवर अगदी आवडीने वाचलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरकडच्या रामपुरा गावात राहून केलेला अभ्यास, जात, कुटुंब, शेतीची नाती. हे वाचताना आपलंच गाव डोळ्यांसमोर येतं. कोणाच्या शेतात कोण वेचायला जातं, उसनवारी कोणाकोणात चालते, हे मला पाठ करावं लागलं नाही. विकासाच्या विषयात परावलंबनाचा सिद्धांत अवघड गेला. गुंडर फ्रँक वगैरे. तो खंड छापून घेतला आणि समासात पेन्सिलने मराठीत लिहून काढला.

मराठीतून समजून घ्यायला मला मराठी विश्वकोशाचा फार आधार झाला. तो ऑनलाइन आहे, फुकट आहे. दुर्खीम, वेबर, मार्क्स यांच्यावरच्या नोंदी आधी मराठीत वाचायच्या आणि मग हिंदी युनिट उघडायचं. हिंदी माध्यम घेऊन घाबरलेल्या प्रत्येकीला मी हेच सांगते.

छपाईचा दिवस अजून आठवतो. जानेवारी, हिंगणघाटला कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. झेरॉक्सवाल्या दादाने विचारलं, "ताई, एका बाजूवर दोन पानं बसवू का? अर्ध्या पैशात होईल." मी म्हटलं आधी एकच कागद काढून दाखवा. कागद गरम गरम हातात आला. एका बाजूला दोन पानं शेजारी शेजारी, अक्षर मोबाइलवरच्यापेक्षाही बारीक, मात्रा आणि अनुस्वार कागदात बुडालेले. समास बोटभरही उरला नव्हता, पेन्सिलने लिहिणार कुठे? दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहिला, तरी तसाच. मग एका बाजूला एकच पान, पाठपोट, असंच घेतलं. तेव्हा पेनड्राइव्हवर सगळं टाकून नुसतं 'छापून द्या' म्हणू नका, आधी एक नमुना कागद बघाच. मुखपृष्ठ, विद्यापीठाच्या समित्यांची पानं, कोरी पानं यांचे पैसे वाचवायचे असतील तर पान क्रमांक आधीच चिठ्ठीवर लिहून न्या. आणि बांधणीला द्यायच्या आधी दुकानातच पानं मोजून घ्या. माझ्या एका गठ्ठ्यात सहा पानं उलटी लागली होती, ती तिथेच बदलून मिळाली.

सगळे मिळून पाचशे पानं छापली. अडीचशे कागदांचे पाचशे रुपये आणि चार स्पायरलचे एकशे साठ. सवलतीच्या हजारातले तीनेकशे उरले. म्हणजे पैशाने पाहिलं तर छापील आणि डिजिटल यात माझ्यापुरता फरक तेवढाच पडला. पण सगळ्या फायली खिशात आणि नेमकी पानं कागदावर, हे दोन्ही मिळालं, ते मला पैशांपेक्षा जास्त वाटलं.

मैत्रिणीची पुस्तकं तोवर पोस्टाने आली होती. ती येईपर्यंत तिनेही ई-ज्ञानकोशवरूनच सुरुवात केली होती, घराबाहेर ओट्यावर बसून, थोडं थोडं. पार्सलसाठी तिचा एक सल्ला आहे तो इथे देते: पत्ता टाकताना पिनकोड आणि आपलं टपाल कार्यालय नीट लिहा, कारण एकाच नावाची गावं आपल्याकडे दोन-दोन तालुक्यांत असतात. आणि पोस्टमन काकांना आधीच सांगून ठेवा की माझं पार्सल येणार आहे, मी शेतात असले तरी घरी द्या.

स्वाध्याय ३१ मार्चपर्यंत द्यायचे होते. ही तारीख पुढे ढकलली जाते, तरी त्या भरवशावर राहू नका. एमएला स्वाध्यायाचे ३० टक्के आणि परीक्षेचे ७० टक्के धरले जातात, त्यामुळे स्वाध्याय उरकून टाकायची गोष्ट नाही. ते हाताने लिहून द्यायचे असतात. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा कोड, विषयाचा कोड, अध्ययन केंद्राचा कोड, सही. लिहिताना मला कळलं की पडदा आणि वही यांच्यात मान सारखी वर-खाली होते आणि मोबाइल मधेच काळा होतो. पडदा बंद व्हायची वेळ वाढवून ठेवा. छापलेल्या युनिटमधून लिहिलेला स्वाध्याय मला जास्त लवकर आणि जास्त नीट जमला, हे खरं. नागपूरला जमा करायला गेले तेव्हा सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि पावती घेतली. ती पावती निकाल गुणपत्रात चढेपर्यंत जपून ठेवा.

परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, तेव्हा पेपरमागे २०० रुपये होते. जून २०२३ची परीक्षा. विदर्भातला मे-जून ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. दुपारी घरात बसून वाचायचं तर मोबाइल हातात तापायचा, मग पडदा आपोआप मंद व्हायचा आणि चार्जिंगला लावला तर चार्जिंगच थांबायचं. वादळ आलं की वीज संध्याकाळी गेली ती सकाळी यायची. त्या दिवसांत स्पायरलनेच तारलं. बोराच्या झाडाखाली बाज टाकून सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत वाचन. ज्यांची परीक्षा जूनमध्ये आहे त्यांनी मे महिन्याचं वाचन कागदावर येईल अशी तजवीज मार्चपर्यंत करून ठेवावी.

नागपूरला मावसबहिणीकडे राहिले. जामहून बसमध्ये मोबाइलवर उजळणी करायला घेतली तर मळमळायला लागलं, म्हणून मोबाइल पिशवीत टाकला आणि वहीतली अनुक्रमणिका काढली. परीक्षा तीन तासांची, कागद-पेनाची. महिनोन्‌महिने बोटाने पडदा सरकवणाऱ्याला तीन तास सलग लिहायचं म्हणजे हात भरून येतो. मी शेवटचा महिना रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहायची. पेपर बरे गेले. चारही विषय सुटले.

दुसऱ्या वर्षी सगळं याच पद्धतीने केलं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. कागद कमी लागले. हिंगणघाटच्या एका शिक्षिकेने तिचा जुना छापील संच मला वापरायला दिला. जुनी पुस्तकं मिळाली तर नक्की घ्या, पण आधी विषयाचा कोड आणि प्रत्येक युनिटचं शीर्षक ई-ज्ञानकोशवरच्या ताज्या यादीशी ताडून पाहा. अभ्यासक्रम बदललेला असू शकतो. माझा एक विषय जुळला नाही, तो मी मोबाइलवर वाचला. परीक्षेआधी मैत्रिणीने आणि मी अदलाबदल केली. तिची छापील पुस्तकं मी पंधरवडाभर आणली, माझ्या मागच्या प्रश्नपत्रिकांच्या खुणांची वही तिने नेली. एकाच अभ्यासक्रमाला गावाकडच्या दोघी असतील तर एकीने छापील आणि एकीने डिजिटल घ्यावं, असं मी आता सगळ्यांना सुचवते. दोघींचं मिळून सगळं होतं.

पुढच्या वर्षी ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी माझ्या वेळेपेक्षा वेगळ्या आहेत. २०२४पासून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन कोणत्याही प्रवेशाआधी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा, डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिटचं खातं, आधी लागतं. डिजिलॉकरमधून ते निघतं. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एक आहे का ते तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायांना इथे जास्त अडतं. दुसरं म्हणजे, कोणी तुम्हाला 'ऑनलाइन पदवी' सांगत असेल तर ती दूरस्थ पदवीहून वेगळी असते. ऑनलाइन पद्धतीत साहित्य डिजिटलच मिळतं: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चेची जागा आणि स्वतःची चाचणी, असे चार भाग असतात. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रमही तसेच आहेत. 'स्वयम्'वर शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी. या दोन्हीकडे छापील की डिजिटल हा पर्यायच नसतो, तेव्हा छपाईचा खर्च फीत धरूनच चाला.

आमच्या गटातली एक वहिनी आता बीएचा फॉर्म भरते आहे. तिला मी अजून काहीच टिचकवू दिलेलं नाही. तिच्या विषयातलं एक युनिट तिच्या मोबाइलवर उतरवून दिलंय आणि चार रात्री वाचून बघ म्हटलंय, वहीत मुद्दे काढून. त्यानंतर मी आणि ती पानं मोजणार, झेरॉक्सचा भाव लावणार आणि मगच फी भरणार.